सहाव्या आठवड्यात सांगितलेली गोष्ट

स्वप्ना घाडी ठाण्याच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात अकरा वर्षं नर्स होती, आणि त्यातली सात वर्षं तिने फक्त पाय पाहिले होते. मधुमेहाने बधिर झालेले पाय. खिळा रुतला तरी न कळणारे, तापलेल्या फरशीवर भाजले तरी न कळणारे, आणि एकदा जखम झाली की महिनोन्‌महिने न भरणारे. जखम धुवायची, मेलेली कड खरवडायची, औषध लावून पट्टी बांधायची, पुढच्या आठवड्याची तारीख द्यायची. काही जखमा भरायच्या. काही काळ्या पडायच्या. मग आधी बोट जायचं, मग चवडा, मग गुडघ्याखालचा पाय. कुठली जखम कुठल्या वाटेने जाणार हे आपल्याला नुसतं बघून ओळखता येतं असं तिला पूर्वी वाटायचं. नंतर ती इतक्यांदा चुकली की तिने अंदाज करणंच सोडून दिलं.

म्हणून विभागाचे प्रमुख डॉ. विनीत देवस्थळी यांनी ते यंत्र आणलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला.

यंत्र दिसायला साधं होतं. बुटाच्या खोक्याएवढा डबा, त्याला जोडलेला लॅपटॉप, एक जाड वायर आणि वायरच्या टोकाला गुळगुळीत काळा प्रोब. जखमेवर पारदर्शक पातळ कागद पसरून त्यावर प्रोब टेकवला की तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आत सोडायचा. अर्ध्या पेराएवढं खोल जाऊन जो प्रकाश परत यायचा त्यावरून तिथलं रक्त आणि त्यातला प्राणवायू मोजला जायचा. दुखत नसे, रक्त काढावं लागत नसे, काही मिनिटांत काम व्हायचं. जखम आतून दुरुस्त होत असेल तर तिथे आधी रक्त दाटतं आणि मग आठवड्यागणिक कमी होत ते शेजारच्या चांगल्या कातडीइतकं होतं. पडद्यावरची रेघ खाली उतरत जाते. आत काहीच घडत नसेल तर रेघ सपाट राहते. चार-पाच आठवड्यांच्या रेघेवरून बाराव्या आठवड्यात जखम भरलेली असेल की नाही ते सांगता येतं, असा दावा होता.

"दावा," डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "अजून नुसता दावाच आहे. साठ पेशंटवर आपण तो तपासून पाहणार आहोत. त्यामुळे यंत्र काय म्हणतं त्यावर कुणाचाही उपचार बदलायचा नाही. मला रेघा दाखवायच्या नाहीत. पेशंटला तर नाहीच नाही. तू फक्त मोजायचं आणि साठवून ठेवायचं. साठही जणांचं पूर्ण झालं की मग सगळं एकदम उघडायचं."

स्वप्नाला हे पटलं होतं. पण पडदा तिच्याच समोर असायचा. जुलैत काम सुरू झालं आणि दिवाळीपर्यंत तिला रेघा वाचता यायला लागल्या होत्या.

दौलत तांबे हे एकतिसावे पेशंट. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मुलगी शिवानी त्यांना घेऊन आली. वय एकोणसाठ, उंच, पाठीचा कणा ताठ. डोंबिवली पश्चिमेला कोपर स्टेशनच्या जवळ राहायचे आणि एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं कामाला होते. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात दोघंच. गमबुटात एक खडा गेला होता आणि तो घेऊन ते पूर्ण पाळी चालले होते. घरी आल्यावर मोज्यावरचं रक्त शिवानीने पाहिलं. त्याला आता चार महिने होऊन गेले होते. डाव्या पायाच्या चवड्याखाली, अंगठ्याच्या बुडाशी, खोल गोल जखम होती.

"तुम्हाला काहीच कळलं नाही?" स्वप्नाने विचारलं.

"पाय आहे एवढंच कळतं, सिस्टर," तांबे म्हणाले. "तेपण खाली बघितलं तर."

स्वप्नाने पारदर्शक चौकटीचा कागद जखमेवर ठेवला आणि मार्करने कडा आखून घेतल्या. एकतीस चौकोन. मग प्रोब लावला. तांबे मान वाकडी करून पडद्याकडे बघत होते. "यात काय दिसतं?" त्यांनी विचारलं, आणि ती सगळ्यांना सांगायची तेच तिने त्यांनाही सांगितलं: यात नुसती नोंद होते, तिचा अर्थ नंतर लावतात.

ते समता सैनिक दलात होते, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून. चौदा एप्रिलला त्यांच्या भागात सकाळी सलामी होते, त्या पथकाला गेली बारा वर्षं तेच हुकूम देत होते. हे त्यांनी दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, आणि तिसऱ्या आठवड्यात विचारलं, "चौदा एप्रिलला बूट घालता येतील ना?"

"नियम पाळलेत तर बघू," स्वप्ना म्हणाली.

नियम त्यांनी असे पाळले की विभागात बाकीच्यांना त्यांचं उदाहरण द्यायला लागले. चवड्यावर भार येऊ नये म्हणून दिलेली टाचेची जाड चप्पल ते संडासला जातानाही घालायचे. अंघोळीला शिवानीने प्लॅस्टिकचं स्टूल आणून ठेवलं. साखर रोज तपासून वहीत लिहायचे. चौथ्या आठवड्यात चौकोन सतरावर आले. कडेने गुलाबी कातडी सरकत होती. शिवानी ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये नोकरीला होती आणि तिची पाळी दर आठवड्याला बदलायची, तरी त्या दिवशी ती मुद्दाम आली होती. "बाबा, बघा ना, अर्धी झाली!" असं म्हणत तिने मोबाइलवर जखमेचा फोटो काढला.

स्वप्नाने पडद्याकडे पाहिलं. रेघ सपाट होती. चार आठवड्यांचे चार ठिपके एका ओळीत, जणू पट्टी ठेवून काढलेले.

पाचव्या आठवड्यातही तेच. ओपीडी संपल्यावर ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, एकतीस नंबर. तांबे. त्यांची जखम वरून लहान होतेय, पण आत काही होत नाहीये."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे तुला कसं कळलं?"

"रेघ..." ती म्हणाली.

"स्वप्ना, मला रेघ सांगू नकोस."

"ज्यांचे बारा आठवडे पूर्ण झालेत, त्यांतल्या दहा जणांच्या रेघा सपाट होत्या. नऊ जणांच्या जखमा भरल्या नाहीत, सर. दोघांचे पाय गेले."

"म्हणजे तू मोजत बसली होतीस." ते रागावले नव्हते, थकल्यासारखे दिसत होते. "अगं, क्षेत्रफळ जवळजवळ निम्म्यावर आलंय. एक्स-रे स्वच्छ आहे. पायाची नाडी लागते. माझ्या हातात जे आहे त्यावरून हा माणूस बरा होतोय. एमआरआयला पाठवायचं तर कारण काय लिहू? ज्या यंत्राची परीक्षा चालू आहे त्यानेच सांगितलं म्हणून? असं एकाच्या बाबतीत केलं की उरलेल्यांच्या नोंदींना काय किंमत राहिली?"

"पण त्यांचं खरंच..."

"खरंच असेल तर आणखी वर्षभराने आपण हजारो लोकांसाठी ते वापरू. आज नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन लॅपटॉपच्या उजव्या अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा चिकटवून घेतला. आता तिला फक्त मोजणी झाली की नाही तेवढं दिसणार होतं.

सहाव्या आठवड्यात तांबे एकटेच आले, खूश होते. कंपनीला एक मेपासून येतो म्हणून कळवलं होतं, आणि बूट मोच्याकडून नवा सोल लावून आणले होते. चौकोन पंधरा. स्वप्नाने प्रोब लावला, मोजणी झाली, आणि तिने पुठ्ठ्याची कड नखाने उचलून आत पाहिलं.

मग दार लोटून घेतलं आणि त्यांच्या समोर स्टुलावर बसली.

ती काय बोलली ते तिला पुढे शब्द न्‌ शब्द आठवत राहिलं, कारण ते तिने रात्री झोप न आल्यामुळे घोकून ठेवलं होतं. जखम वरून भरतेय पण आतून भरत नाहीये असं यंत्र दाखवतंय. हे मी तुम्हाला सांगायचं नाही, माझी नोकरी जाईल, तरी सांगते. हाडात काही लपलंय का ते बघायला एमआरआय करून घ्या. रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवा, कल्याणला आहेत एक, मी नाव लिहून देते. लवकर गेलात तर अजून करण्यासारखं आहे.

तांबे ऐकत होते. "असं किती जणांचं आलं?" त्यांनी विचारलं.

"दहा."

"त्यातले किती बरे झाले?"

"एक."

बांधलेली पट्टी त्यांनी हाताने एकदा सारखी केली. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "नाहीतर आपल्याला कोण सांगतं?" कल्याणच्या डॉक्टरांचं नाव लिहिलेली चिठ्ठी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली आणि नेहमीसारखे उठून, टाचेवर भार देत, निघून गेले.

सातव्या आठवड्यात ते आले. पट्टी मळलेली होती, पण ते हसून बोलले. "दाखवलं का?" तिने हळूच विचारलं. "येत्या सोमवारी नंबर आहे." आठव्या आठवड्यात आले नाहीत. तिने फोन केला तेव्हा म्हणाले, "अहो सिस्टर, गावाला आलेलो, चुलत्यांचं कार्य होतं." पुढच्या आठवड्यात म्हणाले, "दाखवलं डॉक्टरांना. म्हणाले, आहे तेच चालू ठेवा. पट्टी इथेच जवळ करून घेतो, ठाण्याला यायला त्रास होतो."

"एमआरआय?"

"काढला. काही नाही निघालं."

स्वप्नाने रिपोर्टचा फोटो पाठवायला सांगितलं. तो आला नाही. तिने पुन्हा मागितला नाही. शिवानीचा नंबर फॉर्मवर होता, पण तिला फोन करायचा तर काय सांगितलं होतं तेही सांगावं लागलं असतं. तिने स्वतःची समजूत घातली, की मोठा माणूस आहे, सव्वीस वर्षं कारखान्यात काढलेला, आपलं हित कळतं त्याला. रोजच्या वीस-बावीस पायांमध्ये दिवस जात होते.

चौदा एप्रिलला सुट्टी होती. ती मानपाड्याला राहायची. सकाळी नवऱ्याला, डोंबिवलीत मैत्रिणीकडे जाऊन येते, असं सांगून निघाली आणि रिक्षाने स्टेशन, तिथून लोकलने डोंबिवली, मग पूल ओलांडून पश्चिमेला, असं करत कोपरला पोचली. रस्त्यावर निळ्या पताका, ठिकठिकाणी सरबताचे टेबल, पांढऱ्या साड्यांतल्या बायका. विहारासमोरच्या रस्त्यावर मांडव होता आणि मांडवाबाहेर, उन्हात, पथक दोन रांगांत उभं होतं.

पथकाच्या पुढे तांबे उभे होते. गणवेशाला कडक इस्त्री, निळी टोपी, आणि दोन्ही पायांत काळे बूट.

"पथक, सावधान!"

आवाज खणखणीत होता. डावी टाच उजव्या टाचेवर आपटली तशी स्वप्नाची नजर बुटावर गेली. ती गर्दीतून पुढे सरकली. तांब्यांनी तिला पाहिलं. एक क्षणभरच. मग नजर पुन्हा समोर, मांडवातल्या पुतळ्याकडे. सलामी झाली, वंदना झाली, मग संचलन निघालं, चौकापर्यंत आणि परत. ती बाजूने चालत राहिली. ते लंगडत नव्हते, आणि लंगडायला दुखायला तरी हवं ना. तिला त्यांना रांगेतून ओढून काढावंसं वाटत होतं. शेकडो लोकांसमोर, त्या दिवशी, त्या माणसाला हात धरून बाजूला काढायचं तिच्याच्याने झालं नाही. तास-दीड तास ते डांबरावर होते.

पथकाचं विसर्जन झाल्यावर ते मांडवामागे खुर्चीवर बसले. स्वप्ना समोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही कल्याणला गेलाच नव्हता."

"नाही."

"का, काका? मी सांगितलेलं ना, अजून करता येईल?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कपाळ घामाने भिजलं होतं आणि ओठ कोरडे पडले होते. "सांगितलेलं तुम्ही. पण दहात नऊ म्हणालात ना, त्याच्यापुढचं मला ऐकूच आलं नाही बघा. घरी गेलो, चिठ्ठी बघितली. मग वाटलं, आमच्या नशिबात दहातला तो एकजण व्हायचं असतं तर बाकीचं पण वेगळं झालं असतं. पोरीची धावपळ बघत होतो चार महिने. म्हटलं, भरणारच नाही तर कुणासाठी जपायचा पाय? जातोच आहे तर बुटात जाऊ दे."

"शिवानीला सांगितलंत?"

"नाही. तिला वाटतं मी ठाण्याला पंधरा दिवसांनी येतो."

"बूट काढा."

त्यांनी काढला नाही. तिने खाली बसून स्वतः नाड्या सोडवल्या. बूट निघाला तसा वास आला, आणि शेजारी सरबत पिणारी दोन माणसं उठून लांब गेली. मोजा तळव्याला चिकटला होता. तो कापावा लागला. चवड्याची जखम आता तिच्या तळहाताएवढी होती, आणि पायाच्या वरच्या बाजूला, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत, जांभळट काळा रंग चढला होता. तिने कपाळाला हात लावला. ताप होता.

मिरवणुकांमुळे रिक्षा मिळेना. शेवटी पथकातल्या एकाने गाडी काढली आणि माणकोलीच्या पुलावरून त्यांना ठाण्याला आणलं. वाटेत तांबे एकदाच म्हणाले, "शिवानीची सकाळपाळी आहे आज. चारला सुटेल. आता नका फोन करू." स्वप्नाने लगेच फोन केला.

दोन दिवस त्यांनी औषधांवर झुंज दिली. सोळा तारखेला डावा पाय गुडघ्याखाली कापला. तसं केलं नसतं तर माणूस हातचा गेला असता, असं सर्जन म्हणाले.

त्याच संध्याकाळी शिवानीने स्वप्नाला वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये गाठलं. तिच्या अंगावर दोन दिवसांपूर्वीचा ऑफिसचा ड्रेस होता.

"बाबा गुंगीत बोलतायत. म्हणतात, मला माहीत होतं, मला सांगितलेलं. कुणी सांगितलेलं, सिस्टर?"

"मी."

"काय सांगितलेलं?"

स्वप्नाने सगळं सांगितलं. रेघ, दहातले नऊ, चिठ्ठी.

"आणि मला नाही सांगितलंत," शिवानी म्हणाली. "माझा नंबर होता ना फॉर्मवर? रात्रीची ड्युटी करून मी त्या माणसाला आंघोळ घातलीय. मी नेलं असतं ना कल्याणला! ओढत नेलं असतं. तुम्ही त्यांना सांगितलंत आणि घरी पाठवून दिलंत. एकट्याला!"

"चुकलं माझं."

"नुसतं चुकलं?" तिचा आवाज चढला, मग वॉर्डाच्या दाराकडे बघून तिने तो खाली आणला. "एक सांगा. ते मशीन बरोबर होतं का? बाबांनी नीट पट्टी केली असती, बूट घातले नसते, तर भरली असती का जखम?"

"ते आता कधीच कळणार नाही," स्वप्ना म्हणाली.

शिवानीने तोंड फिरवलं आणि आत निघून गेली.

चार दिवसांनी एकतीस नंबरचा बारावा आठवडा भरला. डॉक्टर स्वतः फॉर्म घेऊन बसले होते. "जखम भरली" आणि "जखम भरली नाही" असे दोन रकाने होते. त्यांनी दुसऱ्यात खूण केली. "तुझी रेघ सपाट होती म्हणालीस," ते म्हणाले. "म्हणजे यंत्राचं बरोबर आलं म्हणायचं. वाईट वाटतं मला, स्वप्ना. मी तेव्हा..."

"सर, ती खूण खोडा."

"का?"

"मी त्यांना सांगितलं होतं. सहाव्या आठवड्यात. म्हणून त्यांनी पट्ट्या सोडल्या, म्हणून बूट घातले. यंत्राचं बरोबर आलं की मी बरोबर आणलं, ते कुणालाही सांगता यायचं नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"याची खात्री मी आता कशी करू?" त्यांनी फॉर्म बाजूला सारला. "मला हे अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवावं लागेल. तुला त्यातून वाचवता येणार नाही, आणि मी प्रयत्नही करणार नाही."

"हो, सर."

ती दाराशी पोचली तेव्हा ते मागून बोलले. "त्या दिवशी तुझं ऐकून मी एक एमआरआय लिहून दिला असता तर काही बिघडलं नसतं. समिती तुला विचारेल. मला ते कुणी विचारणार नाही." ते तिच्याकडे बघत नव्हते. कापलेला पाय लॅबमध्ये तपासायला गेला होता आणि त्याचा अहवाल यायचा होता. तो आठवड्याभराने आला: चवड्याच्या हाडात जंतुसंसर्ग. पण तो जुना होता की बुटातल्या त्या आठवड्यांत आत शिरला, हे अहवालात नव्हतं, आणि कुणी सांगूही शकत नव्हतं.

समितीसमोर स्वप्ना दोनदा गेली. तांब्यांची नोंद अभ्यासातून वगळली. अभ्यास तीन महिने थांबवला. उरलेल्या सगळ्या पेशंटना फोन करून, तुम्हाला काही सांगितलं होतं का, असं विचारलं गेलं. स्वप्नाला लेखी ताकीद मिळाली आणि तिची बदली बायकांच्या जनरल वॉर्डात झाली. नोकरी राहिली. घरी नवरा म्हणाला, "तू चांगल्यासाठीच केलंस ना?" आणि तिने त्याला, हा विषय पुन्हा काढू नकोस, असं सांगितलं.

तांबे मेमध्ये घरी गेले. कंपनीने निरोपाचा एक कागद पाठवला. स्वप्ना दोनदा कोपरला जाऊन इमारतीच्या खालूनच परतली. तिसऱ्यांदा, जूनच्या एका रविवारी, वर गेली आणि बेल वाजवली.

शिवानीने दार उघडलं. आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही.

"कोण गं?" आतून आवाज आला.

"सिस्टर आल्यात."

"अगं मग आत घे ना त्यांना."

ते पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. खांदे उतरले होते, दाढी वाढली होती. चादरीखाली डाव्या बाजूला मध्येच सपाट झालेली जागा दिसत होती. स्वप्नाने नमस्कार केला आणि ती पलंगाजवळ उभी राहिली.

"बसा," ते म्हणाले. "हिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका. तुम्ही एकट्याच खरं बोललात माझ्याशी."

"तसं नका बोलू, काका. प्लीज."

"मग काय बोलू? तुमच्यावर रागावू? रागावून बघितलं. जमत नाही. स्वतःवरच येतो फिरून." ते खिडकीकडे बघायला लागले. "रात्री डावा अंगठा ठणकतो माझा. वर्षानुवर्षं बधिर होता, आता नाही तर ठणकतोय."

शिवानी स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. स्वप्नाने त्यांचा कापलेला पाय पाहिला. टाके सुकले होते, एका कोपऱ्यात थोडी लाली होती. मग तिने चादर उजव्या बाजूने वर केली. आता सगळा भार या पायावर येत होता. टाचेला भेग पडली होती, आणि चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या मध्ये कातडी पांढरी, ओलसर झाली होती.

"हे कधीपासून आहे?"

तांब्यांनी खांदे उडवले. त्यांना ते माहीतच नव्हतं.

"शिवानी, इकडे ये जरा," स्वप्ना म्हणाली. "माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण हे बघून ठेव."

शिवानीने हाताची घडी सोडली. मग आली आणि पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसली.

"रोज बघायचं. उजेडात. आधी तळवा, मग टाच, मग प्रत्येक दोन बोटांच्या मधे. असं बोट बाजूला करून. धुतल्यावर इथे टॉवेलचं टोक घालून कोरडं करायचं, तेल लावायचं नाही या फटीत. भेगेला व्हॅसलीन. हात लावून बघायचं, एखादी जागा जास्त गरम लागते का. लागली तर त्याच दिवशी दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी नाही."

"त्याच दिवशी," शिवानी म्हणाली. तिने बापाचं पाचवं बोट बाजूला केलं. "असं?"

"अजून थोडं. दिसलं?"

"हो."

"आता मोबाइलची बॅटरी लाव आणि परत बघ. पांढऱ्या कातडीची कड कुठपर्यंत गेलीय ते सांग मला."

शिवानीने बॅटरी लावली आणि पायावर वाकली. तांबे दोघींच्या डोक्यांकडे बघत होते. पायाला कुणी हात लावलाय हे त्यांना फक्त दिसत होतं.